नवरा आवडतो, मग इच्छा आपणहून का जागी होत नाही?

रानजाई:

लग्नाला बारा वर्षं झाली. मी अडतीसची, तो चाळिशी ओलांडलेला. दोन मुलं आहेत. आमचं बरं चाललंय हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उत्तरं भलत्या दिशेला जायची नाहीत. तो मला आवडतो. त्याच्याशी बोलायला आवडतं, त्याच्या कुशीत झोपायला आवडतं. आम्ही भांडतो, पण भांडण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. तरीही गेली काही वर्षं सेक्सची इच्छा माझ्या मनात आपणहून येत नाही, आणि त्यावरून आमच्यात एक अवघडलेपण येऊन बसलं आहे.

सुरुवातीला असं नव्हतं. तेव्हा तो नुसता खोलीत आला तरी पुरे असायचं. त्या दिवसांशी तुलना होते आणि ती तुलना छळते.

मध्यंतरी मी वही घेऊन बसले आणि आठवायला लागले, की अलीकडच्या काळात खरोखर इच्छा झाली असे प्रसंग कोणते? थोडेच निघाले, पण जे निघाले ते पाहून मी चक्रावले.

एक प्रसंग असा. वरच्या मजल्यावरची एक मुलगी गणित विचारायला आली होती. हा तिला एक प्रमेय समजावत होता. तिला काही केल्या कळेना. तेव्हा त्याने समोरचा कागद बाजूला सारला, "थांब, मीच नीट सांगत नाहीये" म्हणाला आणि दुसऱ्याच बाजूने नवी आकृती काढायला घेतली. मी दारात उभी होते, त्याला पत्ताही नव्हता. त्याची मान खाली, कपाळावर आठी, हातात पेन्सिल. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते नेहमीचं मायेचं वाटणं नव्हतं. मला तो हवासा वाटला.

दुसरा, तो कामानिमित्त बरेच दिवस बाहेर राहून परत आला तेव्हाचा. दार उघडलं तर दाढी वाढलेली, शर्ट मी कधी न पाहिलेला. क्षणभर तो मला अनोळखी वाटला आणि मला ते आवडलं.

तिसरा प्रसंग तर अगदीच साधा. माझ्या ऑफिसमधल्या एका त्रासाबद्दल मी त्याला सांगितलं होतं. त्याने सल्ला दिला नाही, नुसतं ऐकलं. मग दोन दिवसांनी भांडी आवरताना त्याने आपणहून विचारलं, "त्या बाईंचं मग काही उत्तर आलं का?" त्या रात्री मीच त्याच्याजवळ गेले.

या तिन्ही वेळांना तो मला जवळ घ्यायचा काहीही प्रयत्न करत नव्हता. उलट तो जेव्हा ठरवून प्रयत्न करतो, तेव्हा मी आतून बंद होते. रात्री मुलं झोपली, दिवे मालवले की त्याचा हात माझ्या पाठीवर येतो. त्या हाताचा अर्थ मला ठाऊक असतो, आणि हात टेकायच्या आधीच माझं अंग आक्रसतं. मी काही बोलत नाही, पण त्याला ते कळतं. तो कूस बदलतो. एकदा म्हणाला, "तुला आता मी त्या अर्थाने आवडतच नाही, हे सरळ सांग ना." मला रडू आलं, कारण ते खरं नाही आणि खोटं कसं आहे तेही मला सांगता येईना.

रक्त तपासून झालं आहे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन दोन्ही ठीक.

माझे प्रश्न असे. माझ्यात काही बिघडलं आहे का? कधी कधी मी इच्छा नसताना सुरुवात करते आणि मग मधेच छान वाटायला लागतं, तर ती उशिरा आलेली इच्छा खरी मानायची की मी स्वतःची समजूत घालते आहे? आणि मुख्य म्हणजे, दोन माणसांमध्ये ही गोष्ट नक्की कशाने जागी होते? ते कळलं तर काही करता येईल असं वाटतं.

पाऊलखुणा:

मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो, म्हणून लिहितो.

नकार मिळतो तेव्हा पुरुषाला नुसती निराशा येत नाही, लाज वाटते. आपण आपल्याच माणसाकडे काहीतरी याचना करतोय असं वाटतं. मग पुढच्या वेळी आपण सरळ विचारत नाही, हात पुढे करून चाचपून बघतो, म्हणजे नकार आला तरी 'मी कुठे काय विचारलं होतं' असं म्हणायची सोय राहते. पाठीवरचा तो हात मला नेमका कळला. तो धीट नसतो, घाबरलेला असतो.

माझ्या बायकोने मला एक गोष्ट सांगितली होती, ती इथे सांगतो. ती म्हणाली, "तू मला दिवसभरात हात लावतच नाहीस. फक्त रात्री लावतोस. त्यामुळे हात लागला की मला प्रश्नपत्रिका हातात पडल्यासारखं होतं." मला ते फार लागलं, पण ते खरं होतं. मग आम्ही ठरवलं की काही काळ सेक्स हा विषयच बाजूला ठेवायचा, आणि स्पर्श मात्र भरपूर करायचा. ती उभी असताना मागून मिठी, बसल्या बसल्या केसांतून हात, बाहेर चालताना हात हातात. त्यातून पुढे काहीही होणार नाही हे दोघांनाही पक्कं माहीत. पहिले काही दिवस मला अवघड गेले, कारण माझ्या डोक्यात प्रत्येक स्पर्श पुढे कुठेतरी जायचा. हळूहळू ते सुटलं.

कधीतरी तिनेच तो नियम मोडला. तारीख आठवत नाही, तिचा चेहरा आठवतो.

तुमच्या नवऱ्याला ही वही दाखवा असं माझं मत आहे. मला कुणी सांगितलं असतं की मी कागदावर आकृती काढत असताना तिला मी हवासा वाटलो, तर मी महिनाभर हवेत असतो.

मधली_वाट:

रानजाई, मी बरीच वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करते. तुम्ही लिहिलंय तसं, जवळपास याच शब्दांत, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून अनेक बायकांनी आणि बऱ्याच पुरुषांनीही सांगितलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो सुटला की पहिल्याचा जोर निम्मा होतो. उशिरा आलेली इच्छा खरीच असते. ती खोटी वाटते याचं कारण आपल्या डोक्यात बसलेला एक क्रम आहे: आधी इच्छा, मग शरीराची तयारी, मग बाकीचं. हा क्रम बऱ्यापैकी अलीकडचा आहे. १९६६ साली विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी प्रयोगशाळेत निरीक्षणं करून शरीराच्या प्रतिसादाचे चार टप्पे मांडले, त्यात इच्छा हा टप्पाच नव्हता. त्यांनी माणसं निवडली होती तीच मुळात परमोच्च क्षणाचा, म्हणजे ऑरगॅझमचा, अनुभव असलेली आणि प्रयोगाला तयार झालेली, त्यामुळे इच्छा कुठून येते हा प्रश्न तिथे उभाच राहिला नाही. तो उभा केला हेलन सिंगर कॅप्लन यांनी सत्तरच्या दशकात. त्या उपचार करत होत्या, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या अनेकांची अडचण शरीराची नसून वाटण्याची होती. त्यांनी इच्छेला सुरुवातीची जागा दिली. काम मोलाचं होतं, पण त्यातून एक गैरसमज रुजला, की सुरुवातीला इच्छा नसेल तर पुढचं सगळं उसनं.

मग २००० साली कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी वेगळं चित्र काढलं. त्यांनी सरळ रेषेऐवजी वर्तुळ मांडलं. दीर्घकाळच्या नात्यातल्या अनेक स्त्रिया सुरुवात करतात तेव्हा त्यांच्या मनात इच्छाही नसते आणि नकोसेपणाही नसतो. जवळ यावंसं वाटतं, एवढंच असतं. वातावरण ठीक असेल आणि स्पर्श आवडता असेल तर शरीर जागं होतं, आणि इच्छा त्याच्या मागून येते. पुढच्या वेळी जवळ जावंसं वाटायला हाच अनुभव कारण ठरतो. तुम्ही जे 'मधेच छान वाटायला लागतं' असं लिहिलंय ते हे आहे. पुरुषांतही असं होतं, फक्त ते बोलत नाहीत.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक जोडप्याला बजावते. 'इच्छा नाही पण तयारी आहे' आणि 'इच्छा नाही पण नाइलाज आहे' यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. तयारीत तुम्ही मधेच थांबू शकता आणि थांबलात तर कुणी रुसत नाही. नाइलाजाने केलेली प्रत्येक वेळ पुढच्या वेळची इच्छा खाते. तुमचं अंग आक्रसतं म्हणजे शरीर स्पष्ट नाही म्हणतंय. त्या क्षणी 'सुरू केलं की वाटेल' असं स्वतःला समजावू नका.

आता मुख्य प्रश्न, जागी कशाने होते. बहुतेक लोक पेटवायचं काय हे शोधतात. नवे कपडे, मेणबत्त्या, सहली. मला या सल्ल्यांचा खरंच राग येतो, कारण ते ऐकून थकलेली माणसं आणखी थकतात आणि मग आपल्यातच दोष आहे असं धरून चालतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किन्से इन्स्टिट्यूट या लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन संस्थेत जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी एक मांडणी केली, ती मला रोजच्या कामात सगळ्यांत उपयोगी पडली आहे. आपल्यात उत्तेजित करणारी आणि रोखणारी अशा दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात, गाडीच्या अॅक्सिलरेटर आणि ब्रेकसारख्या. दोन्हींची संवेदनशीलता माणसागणिक निराळी. कुणाचा ब्रेक अगदी हलका असतो: दाराबाहेर मुलाचं पाऊल वाजलं, उद्याची मीटिंग आठवली, स्वतःचं पोट सुटलेलं दिसलं, की लागला. अशा माणसाने अॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी जागेवरच. आधी पाय ब्रेकवरून काढावा लागतो.

तुमचा सगळ्यांत मोठा ब्रेक तुम्हीच लिहिला आहे: पाठीवरचा हात. हाताला एकच अर्थ उरला आहे, आणि त्या अर्थात तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा आहे. पाऊलखुणा यांनी जे केलं ते त्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्याची पद्धत १९७० पासून उपचारात वापरतात. तीही मास्टर्स आणि जॉन्सन यांचीच. जोडप्याला सांगायचं, की ठरावीक काळ संभोग पूर्ण बंद. एकमेकांना आळीपाळीने स्पर्श करा, आधी खासगी भाग सोडून, आणि लक्ष फक्त त्वचेला काय जाणवतंय याकडे ठेवा. पुढे जायचं नाही हे पक्कं असल्यामुळेच शरीर सैल पडतं. माझ्या अनुभवात बरीच जोडपी ही बंदी मुदतीआधी मोडतात. त्यावर मी त्यांना रागावत नाही.

आता तुमचे तीन प्रसंग. मला ते वाचून फार आनंद झाला, कारण ते नेमके आहेत.

प्रमेय समजावणारा नवरा. तो त्या क्षणी तुमचा नवरा नव्हता, मुलांचा बाबा नव्हता, बिलं भरणारा जोडीदार नव्हता. तो स्वतःच्या कामात बुडालेला एक माणूस होता आणि तुम्ही त्याला लांबून बघत होतात. रोजच्या सहवासात आपण जोडीदाराला बघतच नाही, त्याच्याबरोबर कामं उरकतो. प्रेमाला जवळीक लागते, हे सगळे सांगतात. इच्छेला त्याबरोबर थोडं अंतरही लागतं, समोरच्याचं स्वतःचं असं काहीतरी असावं लागतं, जे आपल्या हाती पूर्ण आलेलं नाही. प्रवासाहून परतलेला दाढीवाला हाही त्यातलाच. यासाठी मुद्दाम दूर जायची गरज नसते. एकमेकांना आपापल्या गोष्टी करू देणं आणि त्या करताना पाहायला मिळणं, एवढ्याने पुष्कळ होतं.

यावर संशोधनही आहे. आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नवरा-बायकोचे मनगट आणि घोटे एकमेकांना बांधले आणि गाद्यांवरून रांगत, अंगांमध्ये एक उशी धरून अडथळा पार करायला लावला. साधं कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा यांना आपलं नातं नंतर अधिक चांगलं वाटलं. तिथे मोजलं होतं ते नात्यातलं समाधान. इच्छेबद्दलचं काम एमी म्यूझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलं: ज्या दिवशी जोडप्याने मिळून काहीतरी नवं केलं, नवं शिकलं, त्या दिवशी एकमेकांबद्दलची इच्छा वाढलेली आढळली. सगळा भर नवेपणावर आहे. एकत्र बसून रोजचीच मालिका बघणं यात मोडत नाही.

आणि तिसरा प्रसंग, तो माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा. "त्या बाईंचं मग काही उत्तर आलं का?" गुरित बर्नबाउम या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभर जोडप्यांनी सहा आठवडे रोज रात्री डायरी लिहिली. जोडीदाराने आपलं ऐकलं, समजून घेतलं, असं ज्या दिवशी वाटलं त्या दिवशी इच्छा जास्त होती, आणि स्त्रियांमध्ये हा परिणाम अधिक ठळक दिसला. नुसतं गोड बोलण्याने हे होत नाही. त्याने तुमची गोष्ट लक्षात ठेवली, म्हणजे तुम्ही कोण आहात याची त्याने नोंद घेतली. आपण कुणालातरी खास वाटतो हे जाणवलं की शरीरही ऐकतं.

तिन्ही प्रसंगांत मला एक समान धागा दिसतो. तिन्ही वेळा तो तुमच्याकडे काही मागत नव्हता, आणि तिन्ही वेळा दोघांपैकी एकाने दुसऱ्याला पूर्ण माणूस म्हणून पाहिलं होतं. दोनदा तुम्ही त्याला, एकदा त्याने तुम्हाला.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. घरातलं काम कोण करतं याकडे बघा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पुरुष जोडीदार आणि मुलं असलेल्या ज्या स्त्रियांवर घरकामाचा वाटा जास्त होता, त्यांच्यात जोडीदाराबद्दलची इच्छा कमी आढळली. जोडीदार आपल्यावर अवलंबून आहे असं वाटणं हे त्यामागचं एक कारण दिसलं. जिला नवऱ्याचे मोजेही शोधून द्यावे लागतात, तिला रात्री त्याच्याबद्दल काय वाटेल? झोपेकडेही बघा. २०१५ च्या एका अभ्यासात, रात्री जास्त झोप मिळालेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या दिवशी इच्छा जास्त असल्याचं दिसलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता लहान आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानसूचीत स्त्रियांमधली कमी इच्छा विकार मानायला लक्षणं निदान सहा महिने असावी लागतात आणि त्या स्त्रीला स्वतःला त्याचा लक्षणीय त्रास व्हावा लागतो. शिवाय नात्यातला गंभीर ताण, औषधं किंवा दुसरा आजार हे कारण नसावं लागतं. शिवाय जिला योग्य प्रसंगी इच्छा होते, ती कशाने होते हे जी वहीत लिहू शकते, तिच्यात बिघाड आहे असं मी तरी म्हणणार नाही.

दोघी:

आम्ही दोघीही बायका आहोत, एकत्र राहायला लागून आठ वर्षं झाली. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा चर्चांमध्ये 'पुरुषाला नेहमी हवं असतं, बाईला नको असतं' असं गृहीत धरलं जातं. आमच्या घरात पुरुष नाही, तरी एकीला जास्त आणि एकीला कमी हे आहेच. मला सकाळी उठल्यापासून हवं असतं. तिला आठवण करून द्यावी लागते की असं काही असतं.

बरीच वर्षं मी हे माझ्या दिसण्यावर घेतलं. मग एकदा तिने मला सांगितलं की मी गाडी चालवत असते, रस्ता चुकते, आणि न चिडता शांतपणे वळण शोधते, तेव्हा तिला माझ्याकडे बघत राहावंसं वाटतं. मला हे कधीच सुचलं नसतं. मी तिला आवडावं म्हणून जे जे करायचे, त्यातलं एकही तिच्या यादीत नव्हतं.

मधली_वाट यांच्या ब्रेकच्या मुद्द्यात एक भर. आमच्याकडे तिचा ब्रेक म्हणजे न संपलेलं काम. एखादा ईमेल लिहायचा राहिला असेल तर ती माझ्या मिठीत असूनही नसते. आता ती सरळ म्हणते, "दहा मिनिटं दे, तो पाठवून येते." पूर्वी मला हा अपमान वाटायचा. आता कळतं की ती यायची तयारी करतेय.

निळी_शाई:

मला वाटतं सगळेच जरा जास्त गुंतागुंत करत आहेत. आम्ही आठवड्याचा एक दिवस ठरवून टाकला आणि प्रश्न सुटला. सुरुवातीला कोरडं वाटतं, पण दिवस ठरलेला असला की निदान इतर दिवशी 'आज होणार का' ही टांगती तलवार राहत नाही. मी तर त्या दिवशी सकाळपासून वाट बघतो. रानजाईताई, करून बघा.

मधली_वाट:

निळी_शाई, तुमचं जमलं याचा आनंद आहे, आणि टांगत्या तलवारीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण रानजाईंना मी आत्ता हे सुचवणार नाही. २०१५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉर्ज लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी चौसष्ट जोडप्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना सांगितलं, तीन महिने सेक्सचं प्रमाण दुप्पट करा. प्रमाण वाढलं, पण आनंद वाढला नाही. उलट त्यांना सेक्स कमी हवासा वाटू लागला आणि त्यातली मजाही कमी झाली. सांगितलं म्हणून करायचं, याने बहुधा ते झालं. आठवड्यातून एकदा हे प्रमाण अनेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. तीस हजारांवर लोकांच्या माहितीवरून एवढंच दिसलं होतं, की सरासरीने त्यापुढे प्रमाण वाढलं तरी समाधान वाढत नाही. तो काही कोटा नाही.

दिवस ठरवायचाच असेल तर एकांताचा ठरवा. मुलं दुसऱ्या खोलीत, फोन बाहेर, दोन तास दोघांचे. त्यात काय व्हायचं ते मोकळं सोडा. गप्पा मारून झोपलात तरी तो दिवस साजरा झाला असं दोघांनीही मनापासून मानता यायला हवं. तुम्ही वाट बघता, कारण तुमच्यासाठी तो दिवस आमंत्रण आहे. ज्याचं अंग आक्रसतं त्याला तोच दिवस मुदत वाटते.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलखुणा, तुमचं ऐकून मी त्याला वही दाखवली. रात्री नाही, शनिवारी दुपारी, मुलं बाहेर खेळत होती तेव्हा. त्याने वाचली, प्रमेयाच्या ओळीवर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "तू तिथे उभी होतीस?"

मग मी त्याला उलट विचारलं, की तुला कधी वाटतं? मला वाटलं होतं तो काहीतरी ठरावीक सांगेल. तो म्हणाला, "तू वाचत बसलेली असतेस आणि न बघता पाय माझ्या मांडीवर टाकतेस तेव्हा. हक्काने." बारा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. आणि तो असंही म्हणाला की मी हल्ली पाय टाकत नाही. खरं आहे, टाकत नाही. तो त्याचा भलता अर्थ घेईल म्हणून मी अंग चोरूनच बसते.

रात्रीच्या हाताचंही बोललो. त्याला ते ऐकताना त्रास झाला, पण त्याने मधे तोडलं नाही. पुढचे काही आठवडे संभोग बंद, बाकी जवळीक मोकळी, असं ठरवलं आहे. ठरल्यावर त्याच संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले आणि पाय टाकले. तो नुसता टीव्ही बघत राहिला, एक हात माझ्या घोट्यावर ठेवून. मला फार हलकं वाटलं.

एक विचारायचं राहिलं. गेल्या वर्षापासून मी चिंतेसाठी डॉक्टरांनी दिलेली एक गोळी रोज घेते. चिंता खूपच कमी झाली आहे. थायरॉइडचं बघितलं तेव्हा या गोळीचा विचारच केला नाही, कारण ती वेगळ्या डॉक्टरांकडची. तिचा यात काही संबंध असेल का?

मधली_वाट:

असू शकतो, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. चिंता आणि नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी, म्हणजे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन वगैरेंनी, इच्छा कमी होणं आणि परमोच्च क्षणाला पोहोचायला वेळ लागणं हा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे. चिठ्ठीवर तुमच्या गोळीचं नाव बघा. तुमची अडचण गोळीच्या आधीपासूनची दिसते, त्यामुळे सगळा दोष तिच्यावर जाणार नाही, पण ती भर घालत असू शकते.

गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवसाआड घेऊनही बघू नका. अचानक थांबवल्याने चक्कर, अस्वस्थता, झोपेची वाट लागणं असं होतं, आणि चिंता उलटून येऊ शकते. ज्यांनी ती दिली त्यांच्याकडेच जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, की या गोळीनंतर इच्छा कमी झाली आहे का हे मला तपासायचं आहे. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, पण सांगितलं तर त्यांच्याकडे मार्ग असतात: मात्रा कमी करणं किंवा ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारखं दुसरं औषध, ज्याने हा त्रास सहसा कमी होतो. मात्र प्रत्येक औषध प्रत्येकाच्या चिंतेला लागू पडत नाही, म्हणून निर्णय त्यांचा आणि तुमचा मिळून. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काहींना त्यांनीही फरक पडतो.

जाताना ती वही बरोबर न्या. गोळी कधी सुरू केली आणि वहीतले प्रसंग कधीचे, या तारखा शेजारी शेजारी लिहून नेल्यात तर डॉक्टरांना पाच मिनिटांत चित्र कळेल. नवऱ्यालाही सोबत घेऊन गेलात तर उत्तम, कारण 'तुला मी आवडत नाही' या प्रश्नाचं काही उत्तर या चिठ्ठीत असेल, तर ते त्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.